कूळ, खातेदार, प्रकल्पग्रस्त : दि. बा. पाटील यांची कारकीर्द आणि तळोजे परिसरातील जमिनीची भाषा

पनवेल तालुक्यात तळोजे या नावाची गावे महसुली दप्तरात दोन आहेत. एक तळोजे पाचनंद आणि दुसरे तळोजे मजकूर. ‘मजकूर’ हा शब्द अरबी असून त्याचा मूळ अर्थ ‘उल्लेखिलेले’, ‘वर सांगितलेले’ असा आहे. कोणा कारकुनाने दप्तराच्या सोयीसाठी लिहिलेला हा शब्द गावाच्या नावाला कायमचा चिकटला आणि गावकऱ्यांनी तो निमूटपणे वागविला. आता तर मूळ नावही बदलू लागले आहे. रेल्वेच्या, कारखान्यांच्या आणि घरबांधणीच्या पाट्यांवर ‘तळोजे’ जाऊन ‘तळोजा’ झाले आहे. ठाण्याचे ‘ठाणा’ झाले, त्यातलाच हा प्रकार. व्याकरणदृष्ट्या हा बदल फार सुलभ आहे, कारण ‘तळोज्यास’, ‘तळोज्यात’, ‘तळोज्याहून’ ही सामान्यरूपे दोन्ही नावांना सारखीच होतात. प्रथमेचे रूप केव्हा बदलले हे बोलणाऱ्याच्या ध्यानातही येत नाही.

दप्तरातील शब्द जमिनीवरील माणसाला कसा चिकटतो आणि तो शब्द बदलून घेण्यासाठी किती काळ झगडावे लागते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. त्यासाठी ज्यांची कारकीर्द आधारास घेतली आहे ते कै. दिनकर बाळू पाटील, म्हणजेच दि. बा. पाटील, हे पनवेलचे आमदार, कुलाब्याचे खासदार आणि राज्याच्या विधानसभेतील विरोधी पक्षनेते होते. त्यांच्याविषयी आदराने व अभिनिवेशाने पुष्कळ लिहिले व बोलले गेले आहे. राजकीय पुढाऱ्याचे चरित्र हा भाषाभ्यासकाचा प्रांत नव्हे, असा आक्षेप कोणी घेईल. परंतु या पुढाऱ्याच्या आयुष्यातील मुख्य झगडा ज्या शब्दांभोवती झाला, त्या शब्दांकडे बारकाईने पाहिल्यावाचून त्या झगड्याचे स्वरूपच कळत नाही, असे माझे मत आहे.

दि. बा. पाटील यांचा जन्म १३ जानेवारी १९२६ रोजी उरण तालुक्यातील जासई येथे झाला. हा सर्व मुलूख खाडीच्या काठचा. येथील शेतीची परिभाषा देशावरच्या वाचकास अपरिचित वाटेल, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो. भरतीचे पाणी ज्या सखल जमिनीवर चढते ती ‘खाजण’. तिला मातीचा बांध घालून समुद्राचे पाणी अडविले आणि पावसाच्या पाण्याने तिच्यातला क्षार धुऊन काढला, म्हणजे काही वर्षांनी तिच्यात भात येऊ लागते. मग ती ‘खार’ होते. आतले पाणी ओहोटीला बाहेर सोडावे आणि भरतीला बाहेरचे आत येऊ नये, यासाठी बांधाला जे दार ठेवतात ती ‘उघाडी’. बांध फुटला म्हणजे ‘खांड’ पडली. खांड एकट्याने बुजविता येत नाही. साऱ्या गावाला रात्री-अपरात्री चिखलात उतरावे लागते. जेथे समुद्राचे पाणी मुद्दाम आत घेऊन मीठ पिकवितात ते ‘आगर’ किंवा ‘मिठागर’. आणि ‘आगर’ या शब्दावरूनच ‘आगरी’ हे ज्ञातिनाम आले असे सामान्यतः मानले जाते. येथे जमीन ही निसर्गाने दिलेली वस्तू नव्हे. ती पिढ्यान्‌पिढ्या बांध घालून समुद्राकडून काढून घेतलेली आहे. ‘जमीन करणे’ हा प्रयोग येथे लाक्षणिक नसून अक्षरशः खरा आहे. पुढे सरकारी दराने जमिनीचे मोल ठरू लागले, तेव्हा लोकांच्या मनात जो संताप उठला त्याचे मूळ या क्रियापदात आहे.

या लोकांची बोली आगरी. ग्रियर्सनच्या भारतीय भाषा-सर्वेक्षणाच्या मराठीविषयक खंडात (१९०५) तिची नोंद कोकणातील बोलींच्या समूहात झालेली आहे. ‘ण’ऐवजी ‘न’, ‘ळ’ऐवजी ‘ल’ आणि स्वरांमधील ‘ड’ऐवजी ‘र’ हे तिचे सहज ऐकू येणारे विशेष : पाण्याचे ‘पानी’, डोळ्याचा ‘डोला’, गाडीची ‘गारी’. तळोज्यात जुन्या कोकणी मुसलमान वस्तीचीही बोली कानी पडते आणि तिचे आगरीशी अनेक बाबतींत साम्य आहे. तो मात्र स्वतंत्र निबंधाचा विषय होईल. सांगावयाचे ते इतकेच की या बोलीत वाढलेल्या माणसाला कचेरीत गेल्यावर दुसरीच मराठी भेटे. ती फारसी-अरबी शब्दांनी भरलेली मोडी दप्तराची मराठी, तिच्यावर इंग्रजी कायद्याचा थर, आणि राज्यनिर्मितीनंतर त्यावर संस्कृतप्रचुर परिभाषेचा आणखी एक थर. दि. बा. पाटील यांनी कायद्याचे शिक्षण घेतले आणि पनवेलीस वकिली केली. शेतकऱ्यांच्या वकिलाचे काम कोणते? माझ्या समजुतीप्रमाणे ते प्रथमतः दुभाष्याचे काम आहे. पक्षकाराच्या तोंडची हकीकत कलमांच्या भाषेत न्यावयाची आणि कलमांचा अर्थ पक्षकाराच्या बोलीत परत आणावयाचा.

या दुभाषेपणात पहिला महत्त्वाचा शब्द ‘कूळ’ हा आहे. संस्कृत ‘कुल’ म्हणजे वंश, घराणे. मराठीत ‘कुळाचार’, ‘कुलदैवत’ यांतून तो अर्थ जिवंत राहिला; परंतु त्याच शब्दाला जमीनव्यवहारात दुसऱ्याची जमीन कसणारा, धारा किंवा खंड देणारा असा अर्थ आला. विशेष हे की या अर्थीही त्याचे लिंग नपुंसकच राहिले. सावकार म्हणे, ‘हे माझे जुने कूळ आहे.’ समोर हाडामासाचा पुरुष किंवा स्त्री उभी असता व्याकरणात ‘ते’! व्याकरणाचे लिंग आणि सामाजिक दर्जा यांची गाठ सर्वत्र घालता येत नाही, हे मी विद्यार्थ्यांना नेहमी बजावीत असतो. पण येथे ती घालण्याचा मोह आवरत नाही.

कुलाबा जिल्ह्यात कुळांच्या चळवळीचा इतिहास मोठा आहे. अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली २७ ऑक्टोबर १९३३ रोजी खोतांच्या विरुद्ध संप सुरू झाला आणि तो सुमारे सहा वर्षे चालला. जमिनी पडून राहिल्या, माणसे जंगलातील लाकूडफाट्यावर जगली, पण शेत कसावयास गेली नाहीत. डॉ. आंबेडकरांनी या प्रश्नात लक्ष घातले आणि १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. खोतीच्या व्यवहारात पिकाचा निम्मा भाग देणे याला ‘अर्धेल’ म्हणत. म्हणजे ‘वाटा’ हा शब्द त्या काळी कुळाने द्यावयाच्या वस्तूचा वाचक होता. हे ध्यानात ठेवावे, कारण पुढे याच शब्दाची दिशा उलटी झाली.

१९४८ च्या कूळकायद्यात १९५६ साली मोठी दुरुस्ती झाली आणि तिच्या अन्वये १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. त्या दिवशी जमीन कसणारे कूळ, कायद्याच्या अटींस पात्र असल्यास, त्या जमिनीचे खरेदीदार मानले गेले. एका तारखेने लक्षावधी ‘कुळां’ना ‘खातेदार’ होण्याचा मार्ग मोकळा केला. ‘खातेदार’ हा शब्द पुल्लिंगी आहे. त्याला ‘दार’ हा स्वामित्वदर्शक फारसी प्रत्यय आहे आणि सातबाराच्या उताऱ्यावर त्याला जागा आहे. याच १९५७ सालच्या निवडणुकीत, संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनाच्या लाटेत, शेतकरी कामगार पक्षाचे दि. बा. पाटील पनवेल मतदारसंघातून विधानसभेवर निवडून आले. कुळाचा खातेदार होण्याचा क्षण आणि त्यांच्या संसदीय कारकिर्दीचा आरंभ हे एकाच वसंत ऋतूत घडले. त्यांच्या मतदारांपैकी कित्येकांना आयुष्यात प्रथमच ‘माझी जमीन’ हे शब्द कागदाच्या आधाराने उच्चारता येऊ लागले होते.

हा आधार तेरा वर्षे टिकला.

मधल्या संसदीय वर्षांविषयी येथे थोडक्यात लिहिणे पुरे. पुढील निवडणुकांत पनवेलने त्यांना पुनःपुन्हा विधानसभेत पाठविले. १९७२ ते १९७७ या काळात ते विधानसभेत विरोधी पक्षनेते होते. दुष्काळाचा आणि पुढे आणीबाणीचा हा काळ. १९७७ साली ते कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर गेले. १९८४ साली काँग्रेसच्या बाजूने देशभर मोठी लाट असताना ते तेथूनच पुन्हा निवडून आले; ती जागा त्या वर्षी विरोधकांकडे का गेली याचे कारण पुढे येईलच. जिल्ह्याचे नाव १ जानेवारी १९८१ पासून ‘रायगड’ झाले होते, पण मतदारसंघाचे नाव २००८ च्या पुनर्रचनेपर्यंत ‘कुलाबा’च राहिले. नावे आपापल्या गतीने बदलतात, याचे हे आणखी एक उदाहरण.

१९७० साली शहर आणि औद्योगिक विकास महामंडळाची, म्हणजे सिडकोची, स्थापना झाली. मुंबईवरील भार हलका करण्यासाठी खाडीच्या पूर्वेस जुळे शहर वसवावे, ही कल्पना चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी १९६५ मध्ये मांडली होती. कल्पना म्हणून ती भव्य होती, याबद्दल दुमत होऊ नये. तिच्यासाठी ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतील ९५ गावे आणि सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र मुक्रर झाले. तळोजे त्यात आले. शिवाय तळोज्याच्या एका अंगाला औद्योगिक विकास महामंडळाची वसाहत उभी राहिली, म्हणजे या गावांना दोन महामंडळांशी व्यवहार करावा लागला. खेड्यातील माणसाच्या दृष्टीने दोन्ही ‘सरकार’च.

जमीन घेण्याची जी कागदपत्रे गावोगाव आली त्यांतील शब्द पाहण्यासारखे आहेत. ‘भूसंपादन’ हा त्यांतला मुख्य शब्द. ‘संपादन करणे’ म्हणजे परिश्रमाने मिळविणे. आपण विद्या संपादन करतो, यश संपादन करतो. शासनव्यवहाराच्या मराठीत या सन्मान्य क्रियापदाला ‘भू’ जोडून जो शब्द रूढ झाला, त्यात ज्याच्याकडून जमीन जाते त्या माणसाला मुळी जागाच नाही. गावातला माणूस मात्र ‘जमीन गेली’ किंवा ‘जमीन घेतली’ असेच म्हणतो. पहिल्या प्रयोगात कर्ता लुप्त आहे आणि दुसऱ्यात तो स्पष्ट आहे. आंदोलनाच्या काळात पहिल्यावरून दुसऱ्याकडे जाणे हीच मोठी राजकीय शिकवण होती, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरा शब्द ‘निवाडा’. १८९४ च्या भूसंपादन कायद्याप्रमाणे अधिकारी जमिनीची किंमत ठरवून जो हुकूम काढी त्याला मराठीत निवाडा म्हणत. सामान्य मराठीत निवाडा म्हणजे दोन्ही बाजू ऐकून केलेला न्याय. ज्या हुकुमात एक बाजू हीच घेणारी आणि हीच मोल ठरविणारी असे, त्याला निवाडा म्हणणे ऐकणाऱ्याच्या कानास खटकले तर नवल नाही. तिसरा शब्द ‘वरकस’. भाताच्या शेताला जोडून असलेली माळरानाची, गवताची, राबासाठी पालापाचोळा देणारी जमीन ती वरकस. महसुली प्रतवारीत ती हलकी, म्हणून तिचा दर हलका. शेतकऱ्याच्या दृष्टीने वरकसावाचून भात होत नाही. ती शेताची अर्धी बाजू आहे. प्रतवारीने जोडी तोडली आणि एका अर्ध्याला क्षुल्लक ठरविले. उद्या त्याच वरकसावर सात मजली इमारत उभी राहणार होती, आणि तिच्या पायाला भातखाचरापेक्षा माळच अधिक मानवतो, हा विनोद कोणाच्या लक्षात आला असेल की नाही, सांगवत नाही.

चौथा आणि सर्वांत महत्त्वाचा शब्द ‘मोबदला’. ‘बदल’, ‘बदली’, ‘मोबदला’ हे एकाच अरबी धातूचे वंशज होत. मोबदला म्हणजे मुळात अदलाबदल, एका वस्तूच्या जागी दुसरी तोलाची वस्तू. कायद्याच्या मराठीत तो पैशापुरता आकुंचित झाला : जमीन घेतली, तिच्या बाजारभावाइतके रुपये दिले, की मोबदला पुरा. बाजारभाव कोणत्या दिवसाचा? अधिसूचनेच्या दिवसाचा. म्हणजे शहर येणार म्हणून जी किंमत वाढणार, तीतून शेतकरी पहिल्याच पावलाला वगळला गेला. १९७० साली अधिसूचित झालेली कित्येक शेते प्रत्यक्ष ताब्यात घेण्यास पुढे दहा-बारा वर्षे लागली. भोवती वसाहती उठल्या, भाव चढले, आणि दर मात्र जुन्या तारखेशी बांधलेला राहिला.

या प्रश्नावरील असंतोषाचा स्फोट जानेवारी १९८४ मध्ये झाला. उरण तालुक्यात न्हावा-शेवा बंदराचे काम हाती घेण्यात येत होते. त्याच सुमारास जासई व न्हावा-शेवा परिसरात जमिनी ताब्यात घेण्यास विरोध करण्यासाठी शेतकरी, स्त्रियांसह, मोठ्या संख्येने रस्त्यावर आले. नेतृत्व दि. बा. पाटील यांचे होते. १६ आणि १७ जानेवारी या दोन दिवशी पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात पाच शेतकरी मृत्युमुखी पडले. वसंतदादा पाटील तेव्हा मुख्यमंत्री होते. ज्या जासईत दि. बा. जन्मले त्याच गावाच्या परिसरात हे घडले. दरवर्षी जानेवारीच्या या दोन तारखांना तेथे हुतात्म्यांना अभिवादन होते आणि ९५ गावांतून, तळोज्याकडूनही, माणसे येतात. त्याच वर्षाच्या अखेरीस झालेल्या लोकसभेच्या निवडणुकीत कुलाब्याने दि. बा. पाटील यांना निवडून का दिले, हे आता निराळे सांगावयास नको.

या आंदोलनातून जी मागणी पुढे आली आणि टिकली, ती केवळ अधिक दराची नव्हती. त्यात दि. बा. पाटील यांच्या कारकिर्दीचे खरे वैशिष्ट्य आहे, असे मला वाटते. अधिक दर मागणे म्हणजे ‘मोबदला’ या शब्दाचा सरकारी अर्थ मान्य करून आकड्यावर घासाघीस करणे. संपादित जमिनीपैकी काही भाग विकसित करून तिच्या मूळ धन्याला परत द्यावा, ही मागणी मात्र त्या शब्दाला त्याच्या मूळ अर्थावर परत नेणारी होती : जमिनीच्या बदली जमीन. किंमत एकदाच मिळते आणि संपते. वाट्यात मात्र पुढे चढणाऱ्या मोलाचाही अंश येतो. खोतीच्या काळी ‘वाटा’ कुळाकडून वर जात असे. आता तो वरून खातेदाराकडे यावा, असे म्हटले गेले. ही मागणी शब्दांच्या या इतिहासाचा विचार करून कोणी मांडली, असा माझा दावा नाही. परंतु चरीच्या संपाची स्मृती बाळगणाऱ्या जिल्ह्यात ‘वाटा’ हा शब्द नुसता हिशेबाचा शब्द असणे शक्य नव्हते.

शरद पवार मुख्यमंत्री असताना १९९० साली, आणि पुन्हा ते मुख्यमंत्री असताना १९९४ साली, शासनाने यासंबंधी निर्णय घेतले. संपादित क्षेत्राच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ खातेदारास द्यावा, असे ठरले. याचा हिशेब साध्या मापात करून पाहावा. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे. त्याचे साडेबारा टक्के म्हणजे पाच गुंठे. परंतु त्यातून सार्वजनिक सोयींसाठी पावणेचार टक्के वजा होतात आणि हाती पावणेनऊ टक्के येतात, म्हणजे साडेतीन गुंठे, सुमारे साडेतीनशे चौरस मीटर. योजनेचे नाव मात्र ‘साडेबारा टक्के’ हेच राहिले. तोही भूखंड पूर्ण मालकीचा नसून दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याचा. जो १९५७ साली कुळाचा मालक झाला होता, त्याचा नातू आपल्याच गावात महामंडळाचा पट्टेदार झाला. यश आणि उणीव यांचे असे मिश्रण या योजनेत आहे. असे असले तरी सक्तीने जमीन घेताना वाढत्या मूल्यात वाटा देण्याचे तत्त्व शासनाने मान्य केले, ही गोष्ट लहान नव्हे. पुढे नवी मुंबई विमानतळासाठी विस्थापित झालेल्या दहा गावांच्या बाबतीत हे प्रमाण साडेबावीस टक्क्यांपर्यंत गेले. तेव्हाही वाद झाला तो प्रमाणाविषयी. वाटा द्यावा की नाही, हा प्रश्न उरला नव्हता.

तळोज्यात या शब्दाचे पुढे काय झाले ते पाहण्याजोगे आहे. ‘साडेबारा टक्के’ हा शब्दसमूह संख्यावाचक विशेषण आणि नाम यांचा. तो आता एकसंध नामासारखा वापरला जातो. ‘साडेबाराचा प्लॉट’, ‘आमचे साडेबारा अजून निघाले नाही’, ‘त्याने साडेबारा विकले’. यांतील शेवटच्या दोन वाक्यांत ‘टक्के’ गळून पडले आहे, आणि पुढचे क्रियापद एकवचनी नपुंसक झाले आहे. अपूर्णांकाची वस्तू झाली. नाक्यावरच्या दलालांच्या पाट्यांवर तर तिचे पूर्ण बाजारीकरण झालेले दिसते. भूखंड ताब्यात येण्यापूर्वीच तो बांधकाम व्यावसायिकाला देण्याचे करार किती घरांत झाले, याचे उत्तर या भागातील नव्या इमारतींकडे पाहूनच मिळते. दि. बा. पाटील यांचे टीकाकार याचा दोष त्यांच्याकडे देतात. मला तो अन्याय्य वाटतो. परंतु टक्केवारीच्या भाषेचीच एक मर्यादा आहे आणि ती सांगितली पाहिजे. टक्का काढावयाचा तर मूळ आकडा लागतो. ज्याच्या नावावर खाते नाही, त्या मजुराचा, मिठागरातल्या कामगाराचा, बलुतेदाराचा कितवा हिस्सा काढणार? अशा कुटुंबांचा विचार निराळ्या आणि फार लहान मापाने करावा लागला. कातकऱ्यांचे नाव तर या चर्चेत क्वचितच ऐकू येते. आणि ज्यांचे नाव वारसनोंदीत असते त्या बहिणींच्या बाबतीत एक वेगळाच शब्द रूढ झाला आहे : ‘हक्कसोड’. भूखंड वाटपाच्या वेळी भावांनी पुढे केलेल्या हक्कसोडपत्रावर सह्या करणाऱ्या बहिणी या मुलुखात कमी नाहीत. ‘सोड’ या धातूचा कर्ता येथे कागदावर तरी स्वेच्छेने सोडणारा असतो.

आता ‘प्रकल्पग्रस्त’. पुनर्वसनविषयक १९९९ च्या अधिनियमाच्या मराठी नावात ‘प्रकल्पबाधित’ असा शब्द आहे. लोकांच्या तोंडी मात्र ‘प्रकल्पग्रस्त’च बसला. ‘बाधित’ म्हणजे बाधा पोहोचलेला. ‘ग्रस्त’ म्हणजे गिळला गेलेला, ग्रहणातील चंद्रासारखा. मराठीत ‘ग्रस्त’ हे उत्तरपद ज्यांना लागते ती पूर्वपदे पाहिली, म्हणजे अर्थ आणखी उलगडतो : दुष्काळग्रस्त, पूरग्रस्त, भूकंपग्रस्त, व्याधिग्रस्त. या संकटांच्या ओळीत विकासाचा ‘प्रकल्प’ जाऊन बसला. कोणी सभा भरवून हा शब्द ठरविला नाही, आणि म्हणूनच ती साक्ष मोलाची आहे. ‘मी प्रकल्पग्रस्त आहे’ असे आता तळोज्याचा पदवीधर तरुण नोकरीच्या अर्जात लिहितो. त्यासाठी दाखलाही मिळतो. आपत्तीचे विशेषण हे हक्काचे प्रमाणपत्र झाले. आजोबा ‘कूळ’, वडील ‘खातेदार’, नातू ‘प्रकल्पग्रस्त’, आणि अलीकडच्या फलकांवर तोच ‘भूमिपुत्र’. तीन पिढ्यांत एका घराला चार नावे मिळाली, आणि त्यांपैकी पहिली तीन कोणत्या ना कोणत्या सरकारी कागदाशी बांधलेली आहेत.

याच मालिकेतील सर्वांत ताजा शब्द ‘गरजेपोटी’ हा होय. गावठाणाची हद्द जुनीच राहिली, कुटुंबे वाढली आणि लोकांनी हद्दीबाहेर, महामंडळाच्या लेखी संपादित झालेल्या जमिनीवर, घरे बांधली. दप्तराच्या भाषेत ती ‘अनधिकृत’. गावकऱ्यांच्या संघटनांनी त्यांना ‘गरजेपोटी बांधलेली घरे’ म्हणावयास सुरुवात केली, आणि काही काळाने शासननिर्णयांतही हेच शब्द उतरले. एक क्रियाविशेषण वापरातून विशेषणासारखे झाले : ‘गरजेपोटी घरे’. दप्तराने दिलेले नाव लोकांनी बदलून घेतल्याची इतकी स्पष्ट उदाहरणे मराठीत फार नसतील. ही वाट १९८४ च्या आंदोलनाने मळलेली आहे.

दि. बा. पाटील यांच्या उत्तरायुष्यातील राजकारण मात्र उतरणीचे होते. ज्या शेतकरी कामगार पक्षात त्यांची हयात गेली तो सोडून ते शिवसेनेत गेले. या निर्णयाने त्यांचे अनेक जुने सहकारी दुखावले, आणि पूर्वीचे निवडणुकीतील यशही पुन्हा लाभले नाही. २४ जून २०१३ रोजी पनवेल येथे त्यांचे निधन झाले. नंतरच्या काळात त्यांच्या नावाने पुन्हा एकदा हा सारा मुलूख रस्त्यावर आणला. नव्या विमानतळास कोणाचे नाव द्यावे या वादात जून २०२१ मध्ये प्रथम मानवी साखळी झाली. त्यानंतर, त्यांच्या स्मृतिदिनी, सिडकोच्या बेलापूर येथील कार्यालयावर मोठा मोर्चा गेला. २०२२ साली राज्य विधिमंडळाने विमानतळास ‘लोकनेते दि. बा. पाटील’ यांचे नाव देण्याची शिफारस करणारा ठराव संमत केला. विमानतळाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२५ मध्ये झाले.

या आंदोलनात घोषणा देणाऱ्यांच्या तोंडी आद्याक्षरे राहिली नव्हती. ‘दि. बा.’ हे ‘दिबा’ असे एकच नाम झाले असून त्याची रूपे ‘दिबांनी’, ‘दिबांचे’, ‘दिबासाहेब’ अशी नियमितपणे चालतात. एस. एम. जोशी यांचे ‘एसेम’ झाले, पु. ल. देशपांडे यांचे ‘पुलं’ झाले, त्याच जातीचे हे उदाहरण. फरक इतकाच की ते दोन्ही शब्द सुशिक्षित पांढरपेशा वर्तुळात घडले आणि हा खाडीकाठच्या गावांत. जासई-उरणकडे वृद्ध स्त्रियांच्या बोलण्यात या नावाचा पहिला स्वर ऱ्हस्व की दीर्घ, आणि अनेकवचनी आदरार्थी रूप सर्वत्र टिकते की एकवचनही ऐकू येते, याची पद्धतशीर नोंद व्हावयास हवी. आगरी बोलीच्या अभ्यासाकडे वळू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांनी ‘खाजण’, ‘उघाडी’, ‘खांड’, ‘वरकस’ या शब्दांची याद सोबत ठेवावी. तळोज्यातील पन्नाशीच्या आतील माणसांत यांतले किती शब्द कळतात आणि किती बोलले जातात, हे वेगवेगळे मोजावे लागेल. बेलापूरहून पेंधरला जाणारी मेट्रो नोव्हेंबर २०२३ पासून सुरू झाली असल्याने आता तेथे पोचणे सोपे आहे. तळोज्याच्या स्थानकावर उतरावे आणि जुन्या गावाची वाट विचारावी.